शिसवी म्हणून घेतलं, शिरस निघालं

गिटार विकत न आणता घरीच करायची, हे खूळ माझंच. वरच्या पाटीसाठी स्प्रूस नावाचं लाकूड बाहेरून मागवलं होतं. पाठीला आणि बाजूंना शिसवी हवी होती. खानापूर तालुक्यात लहानपण गेलेल्या माणसानं शिसवीसाठी दुसरीकडे कशाला जायचं, असा थोडा माजही होता म्हणा.

ऑगस्टात बेळगावात पाऊस कोसळत असताना एकानं गाठलं. “नंदगडच्या बाजूला वाडा पाडलाय सर, शंभर वर्सांच्या तुळया हाईत. बीटे, अस्सल बीटे!” बीटे म्हणजे कानडीत शिसवी. फळ्या काळसर जांभळ्या, मधे मधे खिळ्यांची भोकं. स्वस्त का, तर म्हणे 2017 पासून परदेशी नियम आले, माल बाहेर जायला कागद लागतात. नियम खरे होते, म्हणून बाकीचंही खरं वाटलं. पावती आणि वनखात्याचा परवाना विचारला, तर “जुन्या घराच्या लाकडाला कसला पास ओ?” साडेसहा हजार मोजले.

मी अगदीच डोळे मिटून घेतलं नव्हतं. एक फूट लांब, एक फूट रुंद, इंचभर जाड अशी कोरडी शिसवी दोन किलोच्या आसपास भरते, एवढं माहीत होतं. घरी तेवढा तुकडा कापून तोलला. दोन किलो शंभर ग्रॅम! खुशीत पेन्सिलीनं त्याच्यावरच आकडा लिहून ठेवला.

दिवाळीनंतर बाजू रंधून अडीच मिलिमीटरवर आणल्या आणि वाकवायला तापल्या पाइपावर धरल्या. त्याआधी ओलं फडकं फिरवलं, ते काळंनिळं झालं. गिटारीच्या कमरेच्या बाकाला तडा गेला. तड्याच्या आत लाकूड फिक्कट पिवळं. मग तो आकडा लिहिलेला तुकडा पुन्हा काट्यावर ठेवला: एक किलो साडेचारशे. म्हणजे साडेसहाशे ग्रॅम पाणी मी शिसवीच्या भावानं घेतलं होतं. पाठीच्या पाट्या तर तोवर पन्हळीसारख्या वळल्या होत्या. गिटारीच्या तारा सत्तर-पंचाहत्तर किलोंनी ओढत असतात. असल्या लाकडावर त्या चढवायच्या कशा?

मिरजेला ओळखीचे एक सतार करणारे आहेत, त्यांच्याकडे तुकडे नेले. त्यांनी छिलका काढून नाकाला लावला. “शिसवीला रंधा लावला की गोडसर वास सुटतो. ह्याला नुसता रंगाचा येतोय.” शिरसाचं बाहेरचं पांढरं लाकूड, रंगवलेलं. खिळ्याची भोकंही त्यांनीच उभी चिरून दाखवली. खऱ्या जुन्या खिळ्याभोवती गंजाचा काळा डाग लाकडात खोल मुरलेला असतो. इथं ड्रिलनं पाडलेली स्वच्छ भोकं. फळीच्या टोकाला वर्षांच्या रेघा आडव्या होत्या, तेही मी पाहिलं नव्हतं. गिटारीला त्या जवळपास उभ्या लागतात.

तुम्ही घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच टोक कापायला लावा, ताज्या कापाचा वास घ्या, ओलं फडकं घासून बघा. पावसाळ्यात घेतलं तर वजनावर भरवसा नको. महिना-दोन महिने सावलीत ठेवून परत तोला. आणि परवाना, पावती नसेल तर तिथूनच फिरा. मला तक्रारही करता आली नाही: हातात कागद नाही आणि बिनपरवान्याची शिसवी घ्यायला मी स्वतःच गेलो होतो. त्या माणसाला हे माझ्याआधी कळलं होतं.

उरलेल्या फळीचा आईनं पाट करून घेतला. पहिल्याच दिवशी तिच्या पातळाला रंग लागला.