फायर सपोर्टसाठी, म्हणजे लढणाऱ्या सैनिकांना मागून माऱ्याची साथ द्यायला, ड्रोन की तोफा?

अझरबैजान आणि आर्मेनियातल्या 2020 च्या काराबाख युद्धाचे व्हिडिओ बघून बरेच जण म्हणायला लागले की आता तोफा काढा भंगारात. पण तिथे अझरबैजानचा बायरक्तार टीबी2 (बॉम्ब टाकणारा तुर्की ड्रोन) एवढा चालला कारण समोरची एअर डिफेन्स बरीचशी जुनी होती. तोच ड्रोन 2022 मध्ये युक्रेनला सुरुवातीचे काही आठवडे भारी कामाला आला, मग रशियाने एअर डिफेन्स आणि जॅमिंग (ड्रोनचा रेडिओ सिग्नल बिघडवणं) नीट बसवलं आणि तो आघाडीवरून जवळपास दिसेनासाच झाला. म्हणजे आधी बघायचं ते समोरच्याच्या आकाशाकडे, ड्रोनच्या किमतीकडे नंतर.

आता माऱ्याचं बघू. 155 मिमीच्या तोफेचा एक गोळा 40 किलोच्या वर, साधा गोळासुद्धा 20 किमीच्या पुढे जातो, तिथे पोचायला मिनिटभर पुरतं, धुकं असो पाऊस असो. टीबी2 ची एमएएम-एल ही छोटी बॉम्ब फक्त 22 किलोची आणि तीही एका वेळी चारच. एफपीव्ही ड्रोन (ऑपरेटर गॉगलमधून ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत थेट लक्ष्यावर आदळवतो तो छोटा ड्रोन) तर किलो-दोन किलो स्फोटकं नेणार आणि ताशी 100 किमीने गेला तरी 10 किमीला सहा मिनिटं. आपली पोरं उघड्या शेतातून पुढे सरकताना समोरच्या खंदकातून दहा मिनिटं कुणी डोकं वर काढायला नको असेल, किंवा मधे धुराचा पडदा हवा असेल, तर तोफच लागते, यात मला तरी शंका नाही.

पण हलता रणगाडा, बंकरचं तोंड, झाडाखाली लपवलेली मॉर्टर, इथे ड्रोनला तोड नाही. तोफेला जिथे कितीतरी गोळे ओतावे लागतात तिथे काहीशे डॉलरचा एफपीव्ही थेट दारातून आत जातो. आपली माणसं शत्रूपासून शंभरेक मीटरवर असतील तर 155 चा गोळा मागवणं म्हणजे त्यांच्याच जिवाशी खेळ, छोट्या ड्रोनचा धोका त्यामानाने कितीतरी कमी.

अडचण शेवटच्या काही सेकंदांत येते. ड्रोन खाली उतरला, मधे झाडं आली की रेडिओ सिग्नल अडतो, ऑपरेटरच्या गॉगलमधलं चित्र फाटतं, नुसत्या मुंग्या दिसतात, आणि नेमकं तेव्हाच नेम धरायचा असतो. म्हणून 2024 पासून फायबरवाले ड्रोन (सिग्नल रेडिओऐवजी बारीक काचेच्या तारेतून नेणारे) वाढले, त्यांना जॅमिंग लागू पडत नाही पण मागे केसासारखी तार सोडत जातात, युक्रेनच्या काही शेतांवर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी चमकताना दिसते. तार तुटली की ड्रोन गेला.

दोन्ही परवडत असेल तर ड्रोनने बघायचं, तोफेने मारायचं आणि उरलेलं एफपीव्हीने टिपायचं. पैसे एकापुरतेच असतील आणि समोर तगडी एअर डिफेन्स, जॅमिंग असेल तर मी आधी तोफा, भरपूर गोळे आणि बघायला साधे ड्रोन घेईन. 2023-24 च्या हिवाळ्यात युक्रेनने एफपीव्हीवर एवढा भार टाकला कारण गोळे संपत आले होते, आणि तेव्हाही ते मित्रदेशांकडे गोळेच मागत होते.