मॉक ड्राफ्ट सिम्युलेटर : बेअर्सच्या चाहत्यांना कितपत कामाचे?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये संघ दरवर्षी नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात, तो ड्राफ्ट; त्याची संगणकावरची लुटुपुटुची तालीम म्हणजे मॉक ड्राफ्ट सिम्युलेटर. शिकागो बेअर्स हा त्यातलाच एक संघ. फुकटातले सिम्युलेटर वापरायला सोपे: संघ निवडा, सातही फेऱ्या ठेवा, सुरू करा. खरी गोम ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या पिकच्या (निवडीच्या हक्काच्या) अदलाबदलीत आहे. पिकची किंमत गुणांत मोजणाऱ्या, माजी प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या जुन्या तक्त्यात पहिल्या पिकला ३००० गुण, नवव्याला १३५०, एकसष्टाव्याला २९२. २०२३ मध्ये कॅरोलायनाने शिकागोकडून पहिला पिक घेतला तेव्हा ९ आणि ६१ मिळून जेमतेम १६४२ भरले. उरलेली भर २०२४ चा पहिल्या फेरीचा पिक, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा आणि रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) डी. जे. मूर यांनी घातली. ज्या सिम्युलेटरमध्ये खेळाडू सौद्यात धरता येत नाही, तिथे हा व्यवहार जुळणारच नाही. त्यामुळे आधी ती सोय बघा.

रँडमनेसचा (निवडी किती अनपेक्षित व्हाव्यात हे ठरवणारा) स्लायडर असेल तर मधोमध ठेवा. शून्यावर दर वेळी तीच यादी येते. टोकाला नेला की पहिल्या फेरीच्या लायकीचा टॅकल (आघाडीच्या फळीतला खेळाडू) तिसऱ्या फेरीत आयता हाती पडतो आणि वर सिम्युलेटरकडून तुमच्या निवडींना ‘ए’ ग्रेड. अशा ग्रेडला काडीची किंमत नाही.

बाकी यंत्र खेळाडूंच्या क्रमवारीला चिकटून चालते. २०२४ ला बेअर्सचा पहिला पिक क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स, हे कोणीही सांगितलं असतं. पण बेअर्सनी चौथ्या फेरीत, १२२ व्या क्रमांकावर, चक्क पंटर (चेंडू लांब लाथाडणारा खेळाडू) घेतला: टोरी टेलर. तो तुम्हालाच हाताने निवडावा लागेल.