फिएसोले: फ्लॉरेन्सच्या डोक्यावरच्या गावाला अर्धा दिवस द्याच

नागपूरहून निघणाऱ्या इटलीच्या सहलीत फ्लॉरेन्सला जेमतेम एक मुक्काम मिळतो आणि फिएसोलेचं नावही नसतं. असलंच तर ‘टेकडीवरून शहराचं दर्शन, वीस मिनिटं’ एवढंच. फ्लॉरेन्समध्ये दोन रात्री असतील, तर एका संग्रहालयाला कात्री लावून इथे अर्धा दिवस द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उंचीचा आकडा वाचून फसू नका. गाव समुद्रसपाटीपासून साधारण 295 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या नागपूरपेक्षा थोडं खालीच. पण फ्लॉरेन्स 50 मीटरच्या आसपास आहे. त्यामुळे फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चचा, वास्तुकार ब्रुनेलेस्कीने बांधलेला लाल घुमट इथून खाली बघायला मिळतो.

जायला सान मार्को चौकाजवळून 7 नंबरची बस. वीस ते तीस मिनिटं लागतात, शेवटचा थांबा गावच्या मुख्य चौकात, पियाझ्झा मिनोत. कागदी तिकीट ‘टाबाक्की’ दुकानात मिळतं. गडद पाटीवर मोठा पांढरा ‘टी’ दिसला की तेच दुकान. बसमध्ये चढताच यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. तिकीट खिशात असूनही शिक्का नसेल तर दंड होतो, आणि ‘आम्ही पाहुणे आहोत’ हे कोणी ऐकून घेत नाही. परतीचं तिकीट खालीच घेऊन ठेवा. वळणं भरपूर आहेत. ज्येष्ठांना बसायला जागा हवी असेल तर पहिल्या थांब्यावरच चढावं. भाड्याच्या गाडीने जाणार असाल तर फ्लॉरेन्सच्या मध्यभागातल्या वाहनबंदी क्षेत्रात चुकूनही शिरू नका. कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाचं पत्र महिन्यांनी गाडीवाल्या कंपनीमार्फत घरी येतं.

आता खरी गोष्ट, पुरातत्त्व क्षेत्र. चौकापासून दोन मिनिटांवर. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातलं रोमन नाट्यगृह डोंगराच्या उतारात कोरून बसवलंय, साधारण तीन हजार माणसं बसतील एवढं. उन्हाळ्यात इथे आजही संगीत-नाटकाचे कार्यक्रम होतात. त्या दिवसांत मंच आणि दिव्यांचे सांगाडे उभे असतात, त्यामुळे मोकळ्या नाट्यगृहाचा फोटो मिळेलच असं नाही. बहुतेक लोक पायऱ्यांवर फोटो काढून परततात, इथेच चुकतं. खाली स्नानगृहांच्या कमानी आहेत, पलीकडे मंदिराचा चौथरा, आणि त्याच्याही मागे एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या लोकांची, तटबंदी. त्या भिंतीजवळ जाऊन बघा. माणसाच्या कमरेइतके दगड, मध्ये चुना नाही की माती नाही, नुसते एकमेकांत घासून बसवलेले. रोमन लोकांनी इसवी सनपूर्व 59 मध्ये खाली फ्लॉरेन्स वसवलं, त्याच्या कितीतरी आधी हे गाव नांदतं होतं. पुढे 1125 मध्ये फ्लॉरेन्सनेच ते जिंकून मोडलं. हा क्रम डोक्यात ठेवून फिरलात तर दगड बोलू लागतात. संग्रहालय त्याच तिकिटात आहे. रोमनांनंतर आलेल्या लोंबार्ड लोकांच्या काळातल्या कबरींचा भाग चुकवू नका.

वेळेचं गणित सुटीप्रमाणे बदलतं. मे-जूनमध्ये गेलात तर दुपारी चारनंतर वर चढा. क्षेत्र संध्याकाळपर्यंत उघडं असतं आणि सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. ‘नागपूरचं ऊन सोसलंय, हे काय’ असं म्हणून भर दुपारी जाऊ नका. नाट्यगृहात सावली नाही, दगड तापतो. दिवाळीच्या सुटीत मात्र उलटं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, नोव्हेंबरात पाचलाच अंधार पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुरातत्त्व क्षेत्र दुपारी तीनच्या सुमारास बंद होतं आणि मंगळवारी सुटी असते. म्हणून दिवाळीत सकाळी दहालाच पोहोचा.

सान फ्रान्चेस्को मठाची वाट चौकातूनच निघते. चढ छोटा पण चांगलाच उभा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी मधल्या कठड्यापर्यंतच जावं. फ्लॉरेन्सचा सगळ्यात चांगला देखावा तिथूनच दिसतो. वर मठात मिशनऱ्यांनी चीन आणि इजिप्तमधून आणलेल्या वस्तूंचं लहानसं संग्रहालय आहे. खांदे झाकलेले असावेत.

पाय मजबूत असतील तर मोन्ते चेचेरी या टेकडीवर जा. 1506 मध्ये लिओनार्दो दा विंचीच्या उडत्या यंत्राची चाचणी इथूनच झाली, असं परंपरा सांगते. फ्लॉरेन्सच्या चर्चांमधले राखाडी खांब ज्या ‘पिएत्रा सेरेना’ दगडाचे आहेत, त्याच्या जुन्या खाणी याच डोंगरात दिसतात. पावसानंतर वाट निसरडी होते, चपला घालून जाऊ नये.

जेवणाच्या बाबतीत गाव मध्यम. चौकातल्या हॉटेलांत देखाव्याचे पैसे लागतात, शिवाय ‘कोपेर्तो’ म्हणजे बसण्याचा आकार माणशी वेगळा. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद, ते संध्याकाळी साडेसातपर्यंत. शाकाहारींनी ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढंच सांगून भागत नाही, कारण त्यात मांसाचं पाणी चालतं असा समज होऊ शकतो. ‘ब्रोदो’, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, कशाचा आहे ते विचारा. ‘पाप्पा अल पोमोदोरो’, म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव, बहुतेकांना चालतो. पार्मिजानो चीजमध्ये दूध घट्ट करायला वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट असतं, कडक शाकाहारींनी ते नको म्हणून सांगावं. तोस्काना, म्हणजे या प्रांताच्या, पावात मीठच नसतं, तो शिळा किंवा बिघडलेला नाही. सोबत जवसाची चटणी असेल तर ती इथे कामी येते.

मुक्काम मात्र खालीच करा. इथे राहणं शांत आहे, पण रात्री उशिरा बस विरळ होतात आणि सामान घेऊन चढ-उतार त्रासाचा आहे. उतरताना उजेड असेल तर खालच्या सान दोमेनिको वस्तीपर्यंत जुन्या रस्त्याने, व्हिया वेक्किया फिएसोलानाने, चालत या. वाटेत 2013 पासून जागतिक वारसा यादीत असलेली, फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याची हवेली लागते. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना भिंती, पदपथ नाही. त्यामुळे गाडीचा आवाज आला की भिंतीला लागून थांबायचं. सान दोमेनिकोला तीच 7 नंबरची बस पुन्हा मिळते.