एनडीए की टीए? गणवेशाचं मनात असेल तर

खडकवासल्याच्या एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, कोनशिला बसली ६ ऑक्टोबर १९४९ ला. नोकरी-धंदा सांभाळून गणवेश घालणाऱ्यांच्या प्रादेशिक सेनेचं, म्हणजे टीएचं, उद्घाटन झालं तीनच दिवसांनी, ९ तारखेला. पुण्यात नाव मात्र पहिलीचंच घरोघरी. मराठा लाईट इन्फन्ट्रीशी जोडलेली टीएची १०१ बटालियन पुण्यातलीच, हे किती जणांना ठाऊक असतं?

निम्मा निर्णय वयच करून टाकतं. एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित, बारावी. यूपीएससीची लेखी, मग एसएसबी, म्हणजे लष्कराच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. टीएत अधिकारी व्हायला १८ ते ४२, पदवी आणि स्वतःचं पोट भरणारी नोकरी किंवा धंदा. हा रोजगार नव्हे, असं टीएवाले स्वतःच बजावतात.

एनडीए मुलाला, आणि २०२२ पासून मुलीलाही, मुळापासून घडवते. तीन वर्षं, सहा टर्म, स्क्वाड्रनचं जगणं, ड्रिल, घोडेस्वारी, खडकवासला तलावातल्या ‘पीकॉक बे’वरच्या होड्या, शिवाय जेएनयूची पदवी. पुढे वर्षभर डेहराडून (लष्कर), डुंडीगल (हवाई दल) किंवा एझिमला (नौदल), मग कमिशन, म्हणजे अधिकारीपद. कॉलेजचा कट्टा नशिबी येत नाही. पण त्या वयात शरीर वळतं आणि मनही.

टीएत पहिल्या वर्षी ३० दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, पुढे वर्षाकाठी साधारण दोन महिने, आणि उरलेलं वर्ष पुन्हा हिंजवडीतलं ऑफिस. प्रशिक्षण थोडं म्हणून सेवाही हलकी, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. कॅडेटला फक्त स्वतःला सांभाळायचं असतं. इथे घराचे हप्ते, शाळेतली पोरं आणि चाळिशीचे गुडघे घेऊन हजर व्हायचं असतं. आणि बोलावणं खरोखर येतं. ६ मे २०२५ ला केंद्रानं टीएला पाचारण करण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले. ३२ पैकी १४ पायदळ बटालियन त्यात धरल्या.

पैशाचं थोडक्यात: एनडीएतून पूर्णवेळ करिअर मिळतं. टीएत पगार प्रशिक्षणाचा आणि तैनातीचा. तैनाती किती काळ, ते तुमच्या हाती नाही.

तेव्हा बारावीच्या मुलांनी ‘एनडीए हुकली तर टीए’ असा हिशेब मांडू नये. त्यासाठी पदवीनंतर सीडीएस, ही यूपीएससीचीच अधिकारी भरतीची परीक्षा, आहे. नोकरदारांनी मात्र टीएचा जरूर विचार करावा. सेवेवरून परतल्यावर नोकरी परत मिळण्याची तरतूद १९४८ च्या कायद्यातच आहे, पण प्रमोशनच्या वर्षी दोन महिने गायब राहिलात तर साहेबांचा चेहरा कायदा सांभाळत नाही. अर्ज भरण्याआधी त्यांच्याशी बोला, आणि घरी त्याच्याही आधी.