चिकटवायचं की ठोकायचं? खुर्चीचे पाय आणि कोपरे

खुर्ची ओढली की करकर, फरशीवर अर्धगोल ओरखडे, आणि त्यातली एखादी खुर्ची डुगडुगायलाही लागलेली. हे घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलात की काउंटरवर चिकटवायचे फेल्ट (दाबलेल्या जाड कापडाच्या चकत्या), खिळ्याची नायलॉनची बटणं, रबरी बूट आणि लोखंडी एल-अँगल (काटकोनात वळवलेल्या पट्ट्या) असा ढीग येतो. सगळंच स्वस्त, म्हणून माणूस थोडं थोडं सगळंच घेऊन येतो. आमच्या घरी हे सगळं वापरून झालंय.

फेल्टवर अन्याय करायचा नाही. आवाजाच्या बाबतीत त्याच्या जवळपासही कुणी येत नाही. रात्री उशिरा जेवणारं घर असेल आणि खाली झोपेला कच्चे शेजारी असतील, तर फेल्ट लावल्या दिवशी खुर्ची सरकल्याचं कळतसुद्धा नाही. लावायलाही सोपं. कागद सोलला, दाबलं, झालं.

गोची आहे ती आपल्या फरशी पुसण्यात. हे फेल्ट कोरड्या, झाडूनच स्वच्छ होणाऱ्या लाकडी जमिनींना छान. आपल्याकडे रोज बादलीभर पाण्यात फिनेल टाकून लादी पुसली जाते, आणि ओलं फडकं खुर्चीच्या पायांना वळसा घालूनच पुढे जातं. फेल्ट ते पाणी पितं. गोंद ओलसर राहतो, वरून माणसाचं वजन, आणि खुर्ची कायम एकाच दिशेने मागे ओढली जाते. मग चकती हळूहळू सरकायला लागते. खुर्ची उलटी करून बघा: चकती अर्धी पायाखाली, अर्धी बाहेर, आणि उघड्या पडलेल्या गोंदावर काळी कड. त्या कडेत केस, पोळीचा चुरा, रांगोळीची कणी, बाहेरून आलेली वाळू असं सगळं रुतून बसलेलं असतं. ओरखडे थांबवायला लावलेली वस्तूच पॉलिश पेपर होऊन बसते. खनिजांचा कठीणपणा १ ते १० असा मोजणाऱ्या मोह्स मापावर वाळूतलं क्वार्ट्झ ७, संगमरवर ३ च्या आसपास. कोटा फरशीलाही या लढतीत फारशी आशा नाही. व्हिट्रिफाइड टाइल बरीच तग धरते, पण तिची चकाकी चालण्याच्या वाटेवर मंद होतेच. शिवाय सुटलेल्या चकतीचा गोंद फरशीवर राहतो, आणि तो रॉकेल किंवा थिनरने घासून काढणं हे एक वेगळंच काम होऊन बसतं.

माझ्यापुरता निकाल इथेच लागला. ज्यांच्याकडे कोरडा मॉप फिरतो त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

नायलॉनचं बटण दिसायला अगदीच सामान्य. आवाज पूर्ण जात नाही, टाइल खाली पोकळ बसली असेल तर टकटक ऐकू येते. पण ते जागचं हलत नाही, पाणी पीत नाही, आणि कचरा धरायला त्याला गोंदच नसतो. शिवाय लाकूड फरशीपासून थोडं वर उचललं जातं. प्लायच्या कपाटांचे आणि पलंगांचे पाय खालून फुगतात ते बहुतेक याच पुसण्याच्या पाण्याने, त्यामुळे ही उंची फुकटात मिळालेला फायदा समजा. खिळ्याऐवजी मधोमध स्क्रू असलेलं मिळालं तर तेच घ्यावं. जुन्या सागवानात थेट हातोडा मारला तर पाय चिरतो, म्हणून आधी ड्रिलने बारीक भोक पाडायचं. पार्टिकल बोर्डात मात्र खिळा टिकत नाही, तिथे स्क्रूला पर्याय नाही. आवाजाचं फारच वावडं असेल तर स्क्रूवालं फेल्टही मिळतं. ते मला मधला मार्ग म्हणून पटतं, फक्त फेल्ट झिजून स्क्रूचं डोकं फरशीला लागत नाही ना, हे अधूनमधून बघायचं.

रबरी बूट स्टीलच्या स्टुलाला आणि शिडीला उत्तम. पाइपचं बाहेरचं माप घेऊन जा, नाहीतर दुकानदार अंदाजाने देतो आणि बूट पहिल्याच आठवड्यात पलंगाखाली सापडतो. पांढऱ्या मार्बलवर काळं रबर नको, त्याच्या रेघा सहजी निघत नाहीत. जेवणाच्या खुर्चीला तर मी रबर लावणारच नाही. रबर सरकत नाही, पण बसलेला माणूस मात्र बसल्या बसल्याच खुर्ची मागे ढकलतो. पाय फरशीला धरून राहतात, वरचा भाग मागे जातो, आणि सगळा ताण पाय आणि बैठकीखालच्या पट्टीच्या जोडावर येतो. खुर्च्या डुगडुगतात त्यात याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

आता डुगडुगणाऱ्या खुर्चीचा कोपरा. एल-अँगल कपाटाच्या फळीला, शेल्फला ठीक. खुर्चीला नुसता अँगल मारणं म्हणजे जोड उघडाच ठेवून त्यावर पट्टी लावणं. पातळ पत्र्याचा अँगल वाकतो, स्क्रूंची भोकं मोठी होतात, आणि महिन्याभरात पुन्हा तेच. त्यापेक्षा सुतारांची जुनी पद्धत बरी: बैठकीखाली कोपऱ्यात तिरका कापलेला लाकडी ठोकळा, फेविकॉल लावून दोन्ही पट्ट्यांत स्क्रूने आवळलेला. त्याआधी सैल जोडातला जुना वाळलेला गोंद खरवडून नवा भरायचा आणि रात्रभर दोरीने आवळून ठेवायचं. स्क्रूचं भोक आधीच खाल्लेलं असेल तर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या आगकाड्या ठोकून भरा आणि वाळल्यावर नव्याने स्क्रू घाला.

अँगलच हवा असेल तर मधे उभी घडी असलेला जाड घ्या आणि १८ मिमी प्लायसाठी १६ मिमीच्या पुढचा स्क्रू नको, टोक पलीकडून बाहेर येतं. बाथरूमजवळच्या कपाटाला किंवा कोकणातल्या घराला साधं लोखंड लावू नका. पावसाळ्यात त्याचा गंज उतरून फरशीवर पडतो, आणि मार्बलवरचा तो पिवळा डाग कुठल्याही बटणाने टळत नाही. तिथे स्टेनलेस स्टीलचे थोडे जास्त पैसे द्यावेत.