वाटीखालचा पट्टा: कोणत्या गुडघ्याला चालतो?

हाफ मॅरेथॉनची तयारी रंगात आली की अनेकांचे गुडघे बोलायला लागतात आणि मेडिकलमधून पटेला स्ट्रॅप घरी येतो. हा अरुंद पट्टा चांगलाच कामाचा आहे, पण एकाच जागेच्या दुखण्यावर. वाटीच्या खालच्या टोकाला बोट दाबल्यावर नेमकं तिथेच दुखत असेल आणि जिना उतरताना वाढत असेल, तर जरूर घ्या. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं पळणाऱ्यांमध्ये बहुधा आयटी बँडचं, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणाऱ्या जाड पट्टीचं असतं. तिथे याचा उपयोग नाही. सूज येते, गुडघा अडकतो किंवा मध्येच दगा देतो? मग पट्टा राहू द्या, आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.

पारख सोपी आहे. पायरीवर दुखऱ्या पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच सावकाश खालच्या पायरीला टेकवायची, असं पाच वेळा. दहापैकी किती दुखलं ते ठरवा आणि पट्टा बांधून पुन्हा करा. आकडा उतरला नाही तर पैसे वाचवा.

बांधण्यातच सगळ्यात जास्त गडबड होते. गुडघा थोडा वाकवून वाटी आणि नडगीवरचा उंचवटा यांच्या मधली जागा शोधा; पट्ट्याची गादी तिथेच यायला हवी. पट्टा वाटीवर चढला तर वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते आणि दुखणं उलट वाढतं. आत एक बोट जाईल इतकाच घट्ट ठेवा. पावलाला मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. पट्ट्याचं रबरी कापड (निओप्रीन) घामाने सरकतं, म्हणून आतून सिलिकॉनच्या रेषा असलेला घ्या. धुताना वेल्क्रो बंद करून, गार पाण्यात, हाताने.

पट्टा वेदना कमी करतो, टेंडन (वाटीला नडगीशी जोडणारा दोर) मजबूत करत नाही. उदाहरणार्थ, साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचा असतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो आणि तो भार याच टेंडनवर येतो. त्यासाठी भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं हवंच: 45 सेकंद, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. पळताना पावलं आखूड टाका, पण मिनिटाला नेहमीपेक्षा 5 ते 10 टक्के जास्त. पळताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्याशिवाय पायरी उतरताना आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं, तर त्या आठवड्याची सगळ्यात लांब धाव (लाँग रन) कमी करा.