सिझरनंतरचा ताप: काउंट, सीआरपी की प्रोकॅल्सिटोनिन?

खानापूर भागात नवं प्रसूतिगृह सुरू करणारे डॉक्टर विचारतात, संसर्ग ओळखायला रक्ताची कुठली तपासणी ठेवू? काउंट (पांढऱ्या पेशींची मोजणी), सीआरपी (अंगात दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) आणि प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणारा घटक), मी तिन्ही वापरल्यात.

काउंटवर फार बोलण्यासारखं नाही. कळा येऊन मग सिझर झालेल्या बाळंतिणीच्या पांढऱ्या पेशी पहिल्या दिवशी 20,000 दिसल्या, तरी संसर्ग असेलच असं नाही.

प्रोकॅल्सिटोनिन कागदावर सरस. नुसत्या शस्त्रक्रियेने ते फारसं वाढत नाही. जिवाणूंचा संसर्ग अंगात पसरू लागला की काही तासांत चढतं. सीआरपी मात्र पोट उघडलं की वाढणारच, साधारण 48 तासांनी सर्वांत वर. दुसऱ्या दिवशीचा 96 आकडा रिपोर्टवर ठळक छापून येतो, आणि सासूबाई दारातच विचारतात, "सेप्टिक झालंय काय ओ डॉक्टर?" नाही. तो चौथ्या दिवशी उतरायला हवा, एवढंच.

तरी माझा कल सीआरपीकडे झुकला, त्याचं कारण वाट पाहणं. प्रोकॅल्सिटोनिनचा नमुना आम्हाला बेळगावला पाठवावा लागतो, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी. जांबोटीकडच्या एका बाळंतिणीला ऐन पावसाळ्यात चौथ्या दिवशी 101 ताप आला. नमुना गेला, पण आमच्याच लॅबमध्ये सीआरपी 96 वरून 168 झालेला. टाक्यांचं डावं टोक दाबून पाहिलं, पू आला. दोन टाके काढले, जखम धुतली, पू कल्चरला पाठवला. दुसऱ्या दिवशी प्रोकॅल्सिटोनिन आलं 0.3. संसर्ग जखमेपुरता असला की ते कमी राहू शकतं. त्या आकड्यावर विसंबलो असतो तर तिचा एक दिवस वाया गेला असता, ही रुखरुख अजून आहे.

तासाभरात रिपोर्ट मिळत असेल आणि बाळंतिणीची नाडी, श्वास बिघडलेला असेल, तर प्रोकॅल्सिटोनिन जरूर करावं; उपचार मात्र त्याच्यासाठी थांबवू नयेत. आमच्यासारख्या ठिकाणी, ज्यांची लक्षणं शंका आणतात त्यांच्यात, दोन वेगळ्या दिवशी करून ताडून पाहिलेला सीआरपी बहुधा जास्त कामाचा. जखम, पोटाचं दुखणं आणि अंगावरून जाण्याचा वास आधी पाहायचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

डिस्चार्ज कार्डावर सीआरपीचे दोन्ही आकडे एककासह लिहा. टाके बऱ्याचदा घरी गेल्यावर बिघडतात, आणि आमच्याकडच्या कित्येक जणी तोवर चंदगडला माहेरी पोचलेल्या असतात. तिथली लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये 9.6 छापत असेल, तर आमचे लीटरमागचे 96 तेवढेच आहेत, हे तिथल्या डॉक्टरांना कळायला हवं.